चार कौलांचा उजेड

आप्पा,

या चैत्रात मी गावी जाऊन आलो. घरी सांगितलं की फोटो काढायला जातोय, आणि फोटो काढलेही, पण खरं काम वेगळं होतं. शेजारच्या काकांना भेटून एक गोष्ट सांगायची होती. खरं तर ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती. पाच वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर बसून चहा प्यायलो आणि सांगितली नाही. आपल्या घराची मधली भिंत पडली ती काकांच्या हलगर्जीपणामुळे नाही. छपराची चार कौलं मी काढली होती, फोटोसाठी. एवढं लिहून झाल्यावर पुढे लिहायची गरज नाही असं वाटतंय, पण तुम्हाला अर्धवट सांगितलेलं कधी चाललं नाही. शिवडीच्या गोदामातून दमून आलात तरी पाय धुऊन खाटेवर बसायचात आणि म्हणायचात, "आता पहिल्यापासून सांग." म्हणून पहिल्यापासून सांगतो.

लालबागला वसंत कधी आला हे कळायला झाडं बघावी लागत नसत. शिमगा झाला की चाळीखालचे मसाला कुटायचे डंख सकाळपासून धडधडायला लागायचे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळी चाळ शिंकत असायची. आई नाकाला पदर लावून चपात्या लाटायची. याच दिवसांत मी वर्तमानपत्राच्या नोकरीत रजा टाकून कोकणात जायचो, बंद घरांचे फोटो काढायला. शिमग्याला उघडलेली घरं पुन्हा बंद झालेली असायची, आणि कित्येक तर शिमग्यालाही उघडलेली नसायची. काजूचा वास, आंब्याला कैऱ्या, अंगणात पाचोळा आणि स्वच्छ, कोरडं ऊन. वैशाखात ते ऊन पांढरं पडतं, म्हणून मला हेच दोन आठवडे लागायचे. परत आलो की स्वयंपाकघराच्या लादीवर फोटो पसरायचो. तुम्ही बनियनवर येऊन उकिडवे बसायचात आणि एकेक फोटो हातात घेऊन फक्त छप्पर बघायचात. "ह्याचा कोना गेला. ह्या बाजूला माकडं नाचलीत. हे अजून दोन पावसाळे काढेल, हे एकच." मला राग यायचा. चौकटीतून येणारी तिरीप बघा, भिंतीचा रंग बघा, असं मी म्हणायचो आणि तुम्ही मान हलवून पुढचं छप्पर बघायचात.

एकदा तुम्ही बोललात ते मला तेव्हा लागलं होतं. हातातला फोटो खाली ठेवून म्हणालात, "तू ह्या घरांत शिरतोस, फोटो काढतोस, बाहेर येतोस. एखादं सरकलेलं कौल सरळ करून येत नाहीस?" मी म्हटलं, "आप्पा, मी फोटोग्राफर आहे. गवंडी नाही." तुम्ही म्हणालात, "गवंडी कोण म्हणतोय तुला. घरात शिरलेला माणूस म्हणतोय." आईनं ओट्याशी पाठ करून हसू दाबलं. मी फोटो गोळा केले आणि खाली चहा प्यायला निघून गेलो. ज्या माणसानं मला पहिला कॅमेरा आणून दिला, फोर्टातून जुना का होईना, आणि तोही गोदामातल्या चहाचा वास येणाऱ्या गोणपाटात गुंडाळून, त्या माणसाला फोटोतलं काही कळत नाही असं मी मित्राला सांगत होतो.

तुम्ही निवृत्त होणार होतात त्या वर्षाची गोष्ट. दसऱ्याला कायमचं गावी राहायला जायचं हे तुमचं पक्कं ठरलं होतं. खाटेखाली पितळी कड्या, बिजागऱ्या, विजेची बटणं, विहिरीसाठी नवीन दोर, असं काय काय जमा झालं होतं. आई ठेचकाळली की म्हणायची, "घर गावाला आणि सामान माझ्या पायात." पण तीही दुकानातून बरण्या आणून त्याच खाटेखाली सरकवत होती. मी तुम्हाला तेवढं खूश पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चाळीतल्या लोकांना तुम्ही माजघर कुठे, पडवी कुठे हे बोटांनी हवेत काढून दाखवायचात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाच्या खोक्यांवर खुणा करत काढल्यावर माणसाला आपल्या स्वतःच्या ओटीवर बसावंसं वाटलं तर त्यात काय नवल.

ते घर उभं होतं ते काकांमुळे. तुम्ही दोघं एका बाकावर शिकलात, तुम्ही मुंबईला आलात, ते राहिले. वाडीतली सगळी छपरं त्यांच्या हातची. आपली जुनी नळ्यांची कौलं वाऱ्यानं, उंदरांनी, माकडांनी सरकतात, म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळी उतरवून, फुटकी काढून, पुन्हा एकावर एक बसवावी लागतात. एक वर्ष चुकलं तर पाणी आत, आणि भिंती मातीच्या असल्या तर घर परत मातीत. काकांनी आपलं एकही वर्ष चुकवलं नाही. त्या वर्षी तर तुम्ही फोनवर सांगितलं होतंत की औंदा मी राहायला येतोय, म्हणून त्यांनी सगळी कामं मागे टाकून शिमगा संपल्या संपल्या आपलं छप्पर परतलं.

मी त्यानंतर आठवड्याभरानं पोचलो. काकांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली आणि म्हणाले, "औंदा काम लवकर झाला. आता आबाळाक भियाचा कारण नाय." हे मला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पावसाआधी ते पुन्हा वर चढणार नाहीत हे मला माहीत होतं. नंतर मी स्वतःला बरेचदा सांगितलं की मला वाटलं ते एकदा बघतील. ते खोटं आहे.

आत गेलो तर काळोख. दार उघडं, खिडकी उघडी, तरी माजघरात काळोख. इतर घरांत मला काही करावं लागत नसे. छप्पर फुटलेलं असायचं आणि उजेड आपोआप यायचा. मी त्यालाच कला म्हणत होतो. आपल्या घरात सुईच्या अग्राएवढाही उजेड येत नव्हता, इतकं ते काम चोख होतं. आणि आप्पा, मला त्या चोख कामाचा वैताग आला. आपलंच घर तेवढं माझ्या उपयोगाचं नाही असं वाटलं. साडेदहा वाजत आले होते, ऊन नेमकं त्या बाजूला होतं. मी शिडी लावून माळ्यावर चढलो, आतून हात घालून एक कौल उचललं, बाजूला ठेवलं. मग दुसरं. चौथं काढल्यावर उजेड सरळ खाली उतरला आणि मधल्या भिंतीवरून सरकत रिकाम्या कणगीवर पडला. तो नीट दिसावा म्हणून मी नारळाच्या वरच्या सालीचं सोडण पेटवून थोडा धूर केला. चाळीस-एक फोटो काढले. त्या अर्ध्या तासात मी किती आनंदात होतो हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण होतो.

कौलं काढणं सोपं असतं. परत बसवायची तर वरून बसवावी लागतात, एकाची कड दुसऱ्याच्या पोटाखाली जाईल अशी. मी आतून, अंदाजानं बसवत होतो. एक हातात तडकलं. त्याचे दोन तुकडे जुळवून तसेच ठेवले. खाली उतरून वर पाहिलं तर दोऱ्याएवढी फट दिसत होती. साडेबाराची एसटी होती. एवढ्यानं काय होतंय, असं मी अगदी मोठ्यानं म्हटलं, घरात कुणी नसताना. कुलूप लावलं, किल्ली द्यायला गेलो तेव्हा काका खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होते. त्यांनी विचारलं, "छप्पर बगलंस मा? कसा झाला?" मी म्हटलं, "एकदम मस्त, काका." ते लाजल्यासारखे हसले.

श्रावणात काकांचा फोन आला. मधली भिंत बसली, तिच्यावरचं आढं खाली आलं, छप्पर अर्धं गेलं. तुम्ही गॅलरीत उभे राहून ऐकत होतात. खाली मंडळाची पोरं मांडवाचे बांबू उतरवत होती आणि त्या आवाजात तुम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. "तुझ्यावर सोपवलं होतं मी घर. तुझ्यावर. एवढं एक वर्ष तुला नीट करता आलं नाही?" पलीकडून काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही आत येऊन म्हणालात, "म्हणतो, चुकला असेल हात." मी पंचा हातात घेऊन मोरीच्या दाराशी उभा होतो, आंघोळीला निघालेला. तिथे बोलायला चार पावलंसुद्धा टाकावी लागली नसती. मी आत गेलो, दार लावलं आणि नळ मोठा सोडला. त्यानंतर तुम्ही काकांशी कधी बोलला नाहीत. त्यांची दोन पत्रं आली, ती तुम्ही न फोडता आईकडे दिलीत.

दसरा आला नि गेला. खाटेखालचं सामान आईनं हळूहळू इकडेतिकडे देऊन टाकलं. हिवाळ्यात माझं प्रदर्शन भरलं आणि त्यात तो फोटो सगळ्यात मोठा करून लावला होता. लोक त्याच्यासमोर थांबत होते. मासिकात आला, कॅलेंडरवर आला, आजही माझं नाव निघालं की लोकांना तोच आठवतो. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. मी दाराशीच होतो. आयुष्यभर फोटोत फक्त छप्पर बघणारा माणूस आता वर बघणार आणि विचारणार, काकांचं छप्पर असताना हा उजेड आला कुठून. तुम्ही बराच वेळ उभे होतात. मग चष्मा पुसलात आणि म्हणालात, "बरं झालं, पडायच्या आधी गेलास. एवढं तरी राहिलं. मला एक दे ह्यातला." वर बघितलंतच नाही. की बघितलंत आणि बोलला नाहीत? हे मी अजून कधी कधी विचारतो. पण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काकांना फोन केला असतात, मला शिव्या घालायच्या आधी. म्हणून कळलं नसावं.

मी तो फोटो फ्रेम करून दिला. तुम्ही तो खाटेसमोर लावलात आणि पाच वर्षं त्याच्याकडे बघत त्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिलात. ओटीवर बसायचं ते गॅलरीत स्टुलावर बसायचात. आलेल्या माणसाला फोटो दाखवून म्हणायचात, "हे आमचं माजघर. पोरानं काढलाय." आणि मग, "मित्रानं घात केला." मी तिथेच असायचो. मान हलवायचो. परळच्या इस्पितळात शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही काकांचं नाव घेतलंत, दोनदा. आईनं मला सांगितलं, त्यांना कळव. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. ते आले असते तर तुमच्याशी बोलले असते, कदाचित छपराबद्दलच बोलले असते. मी तेवढी भीती बाळगून तुम्हाला एकट्याला जाऊ दिलं.

आता चाळ नाही. त्याच जागेवर टॉवर झाला, आम्ही बाविसाव्या मजल्यावर असतो, शिंका येत नाहीत. आईही गेली. मी अजून दर चैत्रात बंद घरांचे फोटो काढायला जातो, पण आता त्यात काही राहिलेलं नाही. पूर्वी काढलेल्या घरांपैकी बहुतेक पडली, काहींच्या जागी लोखंडी फाटक आणि निळ्या पत्र्यांचे बंगले आले. लोक मला म्हणतात, तुम्ही त्या घरांना जिवंत ठेवलंत. मी हसून घेतो. एकही घर मी जिवंत ठेवलेलं नाही, आणि एक तर मीच पाडलं.

होळीच्या आसपास काकांच्या सुनेचा फोन आला. म्हणाली, बाबांना आता दिसत नाही, आणि सारखं तुमच्या घराचं बोलतात, एकदा येऊन जा. त्या रात्री, का कोण जाणे, मी ठरवलं की सांगायचं. गेलो. आपल्या घराचं जोतं तेवढं उरलंय, माजघरात भेंडीचं झाड माझ्याएवढं झालंय. काका पडवीत बाजेवर बसले होते, खूप लहान दिसत होते. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "सांगा नको. माका दिसना नाय, पण आवाज तुझ्या बापसाचोच. बस." मग म्हणाले, "तुझो बापूस गेलो ता माका सा महिन्यांनी कळला." मी बाजेच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "त्या वर्साक माझो हात चुकलो. खंयतरी कौल उलटा बसला आसतला. त्या दिसापासून मी कोणाच्या छपरार चढलंय नाय." हे मला माहीत नव्हतं, आप्पा. वाडीतली सगळी छपरं ज्यांच्या हातची, त्यांनी त्या श्रावणात शिडी ठेवून दिली होती. डोळे गेले ते कितीतरी नंतर.

मी सांगितलं. पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो, एवढंच म्हटलं, "काका, तुमचा हात चुकला नव्हता. कौलं मी काढली होती. चार. फोटोत उजेड यावा म्हणून. नीट परत बसवली नाहीत." सून विळीवर फणस कापत होती, तिचा हात थांबला. काका माझ्या दिशेनं तोंड करून हसायला लागले. "फोटोसाठी कौला कोण काडता?" मी म्हटलं, "मी काढली. खरंच." त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "शाळेत मास्तरांचो फळो मी फोडलंय, आणि मार तुझ्या बापसान खाल्ल्यान. मीच फोडलंय म्हणान सांगल्यान. तुमच्या घरात दुसऱ्याचा आपल्या अंगार घेवची खोडच आसा. म्हाताऱ्याचा मन राखूक इतक्या लांबसून इलंस. बरा वाटला." मी पुन्हा म्हटलं, नाही काका, ऐका. ते म्हणाले, "ऐकलंय. चाय पी." आणि सुनेला म्हणाले, "बगलंस, बापूस कसो होतो ता आता तरी कळला मा तुका."

तिनं चहा आणला. ती माझ्याकडे बघत होती, सासऱ्यांसारखी सहज नाही. तिला काहीतरी शंका आली असावी. फळा कुणी फोडला हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. तुमची ती चांगली गोष्ट मला अशा वेळी कळावी आणि माझ्या नावावर जमा व्हावी, हे मला सहन होत नव्हतं, तरी मी चहा पीत होतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, पण काकांच्या सुनेच्या पत्त्यावर पाठवता येईल, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. ती वाचून दाखवेल. पाठवणार नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, प्रदर्शनात लावलेला फोटो मी एका बाजूनं कापला होता. कापलेल्या भागात माळ्याच्या फळीवर एकावर एक रचलेली चार कौलं स्पष्ट दिसतात. काकांना पटलं नाही तर दाखवता यावा म्हणून तो अख्खा फोटो मी जाताना मोबाइलमध्ये घेऊन गेलो होतो. त्यांना दिसला नसता, पण सुनेला दिसला असता, तिनं सांगितलं असतं. मोबाइल वरच्या खिशात होता. काका माझा हात धरून तुमचं कौतुक करत होते, आणि मी तो बाहेर काढला नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि आप्पा, मला हायसं वाटलं.